बुसानला जाताना गिम्हे विमानतळावर उतरावे की इंचॉनला? सांगलीहून एक विचारणा

प्रश्न: विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला दक्षिण कोरियातील बुसान येथील पुसान राष्ट्रीय विद्यापीठात जहाजबांधणी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला सत्र सुरू होत असल्याने ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिला तेथे पोहोचायचे आहे. ती एकटी जाणार असून घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच आहे, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांनी दोन पर्याय सुचवले आहेत. पहिला मुंबईहून सिंगापूरमार्गे थेट बुसानच्या गिम्हे विमानतळावर उतरण्याचा आणि दुसरा दिल्लीमार्गे सोलजवळच्या इंचॉन विमानतळावर उतरून पुढे रेल्वेने बुसान गाठण्याचा. पहिला सोयीचा वाटतो, परंतु गिम्हेविषयी वाचताना २००२ साली तेथे डोंगरावर विमान आदळून झालेल्या अपघाताची माहिती समोर आली आणि तेव्हापासून तिच्या आईच्या मनात धास्ती बसली आहे. रात्री हा विमानतळ बंद असतो असेही वाचनात आले. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की बुसानला समुद्रात भराव घालून नवा विमानतळ होत आहे, तेव्हा आताच्या विमानतळाची चिंता फार काळ करावी लागणार नाही. यातले खरे किती, आणि आपल्यापैकी कोणी असता तर त्याने कोणता मार्ग निवडला असता, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: मिरजेची_बुसानमध्ये

काका, नमस्कार. मी मूळची मिरजेची असून सध्या बुसानमध्ये शिकते. आपल्या मुलीचे मनापासून अभिनंदन. जहाजबांधणीसाठी तिने निवडलेला विभाग कोरियात नावाजलेला आहे आणि जगातील सर्वांत मोठ्या जहाज कारखान्यांपैकी काही येथून जवळच, उल्सान आणि गोजे येथे आहेत.

माझे मत स्पष्ट सांगते. तिने गिम्हेलाच उतरावे, मात्र दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत आणि विमान सकाळी किंवा दिवसा पोहोचणारे असावे. यामागची कारणे नीट समजून घेतली तर पुढच्या प्रत्येक प्रवासात त्यांचा उपयोग होईल.

रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत गिम्हेला प्रवासी विमानांची ये-जा बंद असते. आजूबाजूला वस्ती आहे आणि विमानांच्या आवाजाचा प्रश्न तेथे जुना आहे. त्यामुळे आग्नेय आशियातून रात्रभर उडत येणारी बरीच विमाने सकाळी सहानंतर एकापाठोपाठ एक उतरतात आणि पारपत्र तपासणीच्या दालनात एकदम गर्दी होते. त्या रांगेत वेळ जातो, पण बाहेर आल्यावर संपूर्ण दिवस हाताशी असतो, रेल्वे सुरू झालेली असते आणि विद्यापीठाचे कार्यालयही उघडे असते. याउलट रात्री उशिरा उतरणारे तिकीट घेतले आणि आधीच्या टप्प्यात विमानाला उशीर झाला, तर बंदीची वेळ आड येऊन सगळेच वेळापत्रक कोलमडू शकते.

एकाच तिकिटाचा आग्रह सामानासाठी आणि व्हिसासाठी आहे. स्वस्तात मिळतात म्हणून अनेक विद्यार्थी मुंबई ते व्हिएतनाम आणि तेथून बुसान अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढतात. दोन्ही प्रवासांचा एकमेकांशी संबंध नसल्याने मधल्या विमानतळावर बाहेर पडून सामान घ्यावे लागते आणि ते पुन्हा जमा करावे लागते. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि भारतीय पारपत्रधारकाला त्याचा व्हिसा हवा असतो. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे निघून गेले, तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. पहिल्यांदाच एकटीने निघालेल्या मुलीवर हा भार टाकू नये. सामान मुंबईतच बुसानपर्यंत नोंदवले गेले आहे याची खात्री तिने पावतीवरचा पी.यू.एस. हा संकेत पाहून करावी.

आता विमानतळावरून विद्यापीठापर्यंतचा रस्ता. आंतरराष्ट्रीय इमारतीतून बाहेर पडल्यावर समोरच उन्नत मार्गावरचे हलक्या रेल्वेचे स्थानक दिसते. २०११ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे चालकाविना धावते आणि गाडी केवळ दोन डब्यांची असते, त्यामुळे दोन मोठ्या बॅगा घेऊन चढायचे असल्यास गर्दीची एक गाडी सोडून द्यावी. बहुतेक प्रवासी नदी ओलांडून सासांगकडे जातात. विद्यापीठाला जाणाऱ्याने मात्र उलट दिशेने देजो स्थानकापर्यंत जावे, तेथे मेट्रोची तिसरी मार्गिका धरावी, योन्सानला उतरून पहिल्या मार्गिकेवर बदल करावा आणि विद्यापीठाच्याच नावाच्या स्थानकावर उतरावे. देजो हे तिसऱ्या मार्गिकेचे सुरुवातीचे स्थानक असल्याने बसायला जागा मिळते आणि बॅगा पायाशी ठेवता येतात. विद्यापीठ डोंगराच्या उतारावर वसलेले आहे, त्यामुळे स्थानकापासून वसतिगृहापर्यंतची चढण सामानासह पायी चढण्याऐवजी तेवढ्यापुरती टॅक्सी करावी. रस्ता शोधण्यासाठी नेव्हर किंवा काकाओ या कोरियन कंपन्यांचे नकाशे भ्रमणध्वनीत आधीच घेऊन ठेवावेत, कारण आपल्या सवयीचे गुगलचे नकाशे कोरियात पायी वाट दाखवण्यासाठी भरवशाचे नाहीत.

आणखी एक गोष्ट. विमानतळाचे नाव गिम्हे असले तरी तो आज बुसान शहराच्या हद्दीत, गांगसो विभागात आहे. १९७६ साली विमानतळ सुयोंगहून येथे हलवला गेला तेव्हा ही जमीन गिम्हेकडे होती आणि १९७८ मध्ये ती बुसानला जोडली गेली. गिम्हे हे शेजारचे वेगळे शहर असून हीच हलकी रेल्वे तेथे जाते. त्या मार्गावर राजा सुरोच्या समाधीच्या नावाचे स्थानक आहे. ‘सामगुक युसा’ या जुन्या कोरियन ग्रंथातील आख्यायिकेनुसार या राजाची राणी ह ह्वांग-ओक समुद्रमार्गे आयुता देशातून आली होती आणि अनेक जण त्या देशाचे नाते अयोध्येशी जोडतात. तिचीही समाधी त्याच शहरात आहे. सत्र सुरू होऊन स्थिरस्थावर झाल्यावर आपल्या मुलीने तेथे अवश्य जावे.

उत्तर: शाहूपुरी_सातारा

मी हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि आता साताऱ्यात राहतो. वरच्या उत्तरात प्रवासाची बाजू उत्तम मांडली गेली आहे, म्हणून मी केवळ अपघाताबद्दल आणि त्या डोंगराबद्दल लिहितो. भीतीचे कारण समजले की तिचा आकार आटोक्यात येतो, असा माझा अनुभव आहे.

गिम्हेच्या दोन्ही धावपट्ट्या उत्तर-दक्षिण आहेत, एक ३,२०० मीटर लांबीची आणि दुसरी २,७४३ मीटरची. दक्षिणेला नाकदोंग नदीचे मुख आणि समुद्र असल्याने तो भाग मोकळा आहे, तर उत्तरेला दोत्दे आणि शिनो या नावांचे डोंगर उभे आहेत. विमान नेहमी वाऱ्याला सामोरे जाऊन उतरवतात. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो, तेव्हा विमान समुद्राच्या बाजूने सरळ रेषेत येते आणि यंत्रांच्या मार्गदर्शनाखाली खाली उतरते. अडचण येते ती दक्षिणेचा वारा वाहू लागला की, आणि तो प्रामुख्याने उन्हाळी महिन्यांत वाहतो. अशा वेळी विमानाला उत्तरेकडून दक्षिणेकडे तोंड करून उतरायचे असते, पण उत्तरेला डोंगर असल्याने तिकडून लांबवरून सरळ येता येत नाही. साताऱ्याच्या वाचकांनी अशी कल्पना करावी की अजिंक्यताऱ्याच्या बाजूने गावात उतरायचे आहे आणि किल्ल्यावरून सरळ खाली येण्याइतके अंतर मात्र नाही.

म्हणून वैमानिक आधी दक्षिणेकडूनच खाली येतो, धावपट्टी नजरेत आली की डावीकडे फुटून विमानतळाच्या पश्चिमेने उत्तरेकडे जातो आणि डोंगर व धावपट्टी यांच्या मधल्या जागेत उजवीकडे वळून धावपट्टीवर येतो. या वळणात उजव्या खिडकीतून धावपट्टी दिसते आणि उजवा पंख खाली झुकू लागला की डाव्या खिडकीत डोंगराची हिरवी बाजू बरीच जवळ आलेली दिसते. आपल्या मुलीला हे आधीच सांगून ठेवावे, कारण ऑगस्टमध्ये तिच्या वाट्याला हे वळण येण्याची बरीच शक्यता आहे आणि ते तेथील नेहमीच्या पद्धतीचा भाग आहे.

या संपूर्ण वळणात एक अट कसोशीने पाळावी लागते. धावपट्टी सतत डोळ्यांसमोर असली पाहिजे, आणि ती क्षणभर जरी ढगाआड गेली तरी उतरण्याचा प्रयत्न सोडून विमान ताबडतोब वर न्यायचे असते. १५ एप्रिल २००२ रोजी बीजिंगहून आलेल्या एअर चायनाच्या बोइंग ७६७ विमानाच्या बाबतीत नेमके हेच झाले नाही. त्या दिवशी दक्षिणेचा वारा होता, पाऊस आणि धुके होते. वळण घेण्यास उशीर झाला, धावपट्टी दिसेनाशी झाली, तरीही विमान वर नेले गेले नाही आणि ते धावपट्टीपासून साडेचार किलोमीटरच्या आसपास असलेल्या दोत्दे डोंगरावर आदळले. विमानातील १६६ जणांपैकी १२९ जणांचा मृत्यू झाला. तपासात असेही आढळले की त्या आकाराच्या विमानाने अशा प्रकारे उतरण्यासाठी किमान किती दृश्यमानता हवी, याची पुरेशी जाणीव वैमानिकांना नव्हती.

डोंगर आजही तेथेच आहे आणि कोरियातील लोकांनाही त्याची काळजी आहे, हे मी लपवणार नाही. परंतु हवामान बिघडले की येथे विमाने हवेत थांबवली जातात किंवा दुसऱ्या विमानतळाकडे वळवली जातात. प्रवाशांना त्याचा मनस्ताप होतो, पण त्या मनस्तापातच त्यांची सुरक्षितता आहे. ऑगस्ट-सप्टेंबर हे त्या किनाऱ्यावर समुद्री वादळांचेही दिवस असतात, तेव्हा सत्राच्या आदल्या दिवशी पोहोचण्याऐवजी काही दिवस हाताशी ठेवून निघावे.

एक सूचना माझ्या पूर्वीच्या नोकरीच्या सवयीतून करतो. पुण्याच्या लोहगावप्रमाणे गिम्हे हाही मुळात हवाई दलाचा तळ आहे. कोरियन हवाई दलाची मालवाहू आणि हवेत इंधन भरणारी विमाने तेथे असतात, आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिका आणि चीनच्या राष्ट्राध्यक्षांची भेट याच तळावर झाली. त्यामुळे विमान धावपट्टीवर असताना खिडकीतून छायाचित्रे काढू नयेत. तशी सूचना विमानात दिली जाते आणि ती गांभीर्याने पाळावी.

विश्रामबाग_सांगली

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल मनापासून आभारी आहे. साताऱ्याच्या साहेबांचे उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. मुलीच्या आईने दोन ठिकाणी थांबवून वळणाचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि शेवटी विमान वर नेण्याचा नियम समजल्यावर तिच्या बोलण्यातला ताण कमी झाला. आता दोन शंका उरल्या आहेत. इंचॉनचा पर्याय पूर्णपणे सोडून द्यावा का, आणि नव्या विमानतळाचे काय?

उत्तर: कुपवाड_औद्योगिक

मी स्थापत्य अभियंता आहे आणि भरावाच्या जमिनीवरील बांधकाम हा माझ्या आवडीचा विषय असल्याने बुसानच्या नव्या विमानतळाच्या बातम्या सातत्याने वाचत आलो आहे. आपल्या नातेवाइकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. नवा विमानतळ ठरला आहे, पण आपल्या मुलीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो सुरू होणार नाही.

२००२ च्या अपघातानंतर नव्या जागेची मागणी वाढत गेली आणि त्यातून मिरयांग हे आतील भागातले गाव आणि बुसानच्या नैर्ऋत्येचे गादोक बेट अशा दोन जागांमध्ये वर्षानुवर्षे चुरस चालली. २०११ मध्ये सरकारने दोन्ही नाकारल्या. २०१६ मध्ये एका फ्रेंच सल्लागार संस्थेने दोन्ही बाजूला ठेवून गिम्हेलाच तिसरी धावपट्टी बांधावी असे सुचवले आणि सरकारने ते मान्यही केले. परंतु डोंगर, आवाज आणि वाढीला नसलेली जागा हे प्रश्न त्याने सुटणार नव्हते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पडताळणी समितीने त्या योजनेचा मुळापासून फेरविचार करायला हवा असा निष्कर्ष दिला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गादोकसाठी विशेष कायदा संमत झाला. २०३० चे जागतिक प्रदर्शन बुसानला मिळेल या आशेने २०२९ च्या अखेरीस विमानतळ सुरू करण्याचे ठरले होते, पण ते प्रदर्शन रियाधला गेले.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे निर्णय मातीने घेतला. गादोकच्या बाजूला समुद्राच्या तळाशी मऊ चिकणमातीचा जाड थर आहे. असा थर भरावाच्या वजनाखाली वर्षानुवर्षे दबत राहतो. धावपट्टीचा एक भाग बेटाच्या खडकावर आणि दुसरा भरावावर आला, तर दोन्हीकडची जमीन सारख्या प्रमाणात खचत नाही. धावपट्टी सगळीकडे सारखी खचली तर सोसते, उंचसखल झाली तर सोसत नाही. म्हणून मातीतले पाणी आधी बाहेर काढून ती घट्ट होऊ द्यावी लागते, आणि त्या कामाला घाईचा उपाय नाही. सरकारने ८४ महिन्यांची मुदत घातली होती, बांधकाम कंपन्यांच्या गटाने १०८ महिने मागितले, आणि २०२५ मध्ये तो गट या कामातून बाहेर पडला. त्यानंतर सरकारने मुदत वाढवून २०३५ मध्ये विमानतळ सुरू करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ज्या गटाने कंत्राट हातचे जाऊ दिले पण मुदतीबाबत तडजोड केली नाही, त्याच्याविषयी एक अभियंता म्हणून मला आदर वाटतो. कवलापूरच्या धावपट्टीची चर्चा ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या सांगलीकरांना विमानतळाची वाट पाहणे नवीन नाही, पण ही वाट तांत्रिक कारणासाठी लांबली आहे आणि ते कारण रास्त आहे.

उत्तर: मिरजेची_बुसानमध्ये

काका, इंचॉनचा पर्याय वाईट नाही. गिम्हेला सोयीच्या वेळेचे तिकीट मिळाले नाही तर तो जरूर घ्यावा. इंचॉनहून विमानतळाची जलद रेल्वे पाऊण तासाच्या आसपास सोल स्थानकात पोहोचवते आणि तेथून केटीएक्स ही वेगवान गाडी अडीच-पावणेतीन तासांत बुसान स्थानकात येते. या मार्गाचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. बुसान स्थानक मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेवरच आहे, त्यामुळे तेथून विद्यापीठापर्यंत एकदाही गाडी बदलावी लागत नाही. मात्र सोल स्थानकात जमिनीखाली खोल असलेल्या विमानतळ रेल्वेच्या फलाटावरून वरच्या केटीएक्सच्या फलाटापर्यंत सामान स्वतः न्यावे लागते, आणि विमान संध्याकाळी उशिरा उतरले तर शेवटची गाडी चुकण्याची शक्यता असते. रात्रभराच्या प्रवासानंतर हे सर्व करण्यापेक्षा सिंगापूरला शांतपणे विमान बदलून थेट बुसानला उतरणे मला अधिक योग्य वाटते.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली होती. २८ जानेवारी २०२५ रोजी गिम्हेलाच उड्डाणापूर्वी उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात मागच्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यात आग लागली. आतील सर्व १७६ जण बाहेर पडू शकले, पण विमान जळाले. संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर १ मार्च २०२५ पासून कोरियन विमान कंपन्यांच्या विमानांत पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई करण्यात आली. कंपनी कोणतीही असो, आपल्या मुलीने पॉवर बँक मोठ्या बॅगेत मुळीच घालू नये. ती स्वतःजवळच्या पिशवीत, क्षमतेचा आकडा वाचता येईल अशी ठेवावी आणि त्या कंपनीचा चालू नियम निघण्यापूर्वी वाचून घ्यावा.

तिची तारीख आणि विमान ठरले की येथे कळवावे. सकाळचे विमान असेल तर मी देजो स्थानकावर येईन. तेथून पुढचे दोन्ही बदल मी तिच्यासोबत करीन आणि वसतिगृहाच्या कार्यालयापर्यंत तिला पोहोचवीन.

विश्रामबाग_सांगली

ताई, आपले उपकार कसे फेडावेत हे कळत नाही. सिंगापूरमार्गे, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आणि सकाळी गिम्हेला पोहोचणारे विमान, असे आज नक्की केले आहे आणि सत्राआधी काही दिवस मोकळे राहतील अशीच तारीख धरली आहे. आसन निवडताना मुलीने स्वतःहून डाव्या बाजूची खिडकी मागितली. तिकीट हाती आले की तारीख आणि विमानाचा क्रमांक आपल्याला खाजगी संदेशाने पाठवतो.